गौरेशच्या खिशातली चिठ्ठी

शेताचं मैदान व्हायला लागलं की हल्ली माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "तुमका राग येवक कारण लागनाच नाय." असेल बाई, तसंही असेल. पण भात कापून झालं, धसकटं पायांनी तुडवून झाली, पोरांनी पोफळीचे सोट रोवून दोन्ही टोकांना गोल उभे केले की मला घरात बसवत नाही आणि तिकडे जाववतही नाही. काल संध्याकाळी मंडळाची दोन पोरं आली. पुढच्या पडवीत, बालकांवात उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, यंदा पण माईक तुमचोच हां." मी म्हटलं, "माझो घसो बसलो रे." पोरं हळहळली, मध-हळद घ्यायला सांगून गेली. घसा कुठला बसलाय! घसा ठणठणीत आहे.

पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावाला मैदान म्हणून वेगळं नाही. आहे ते पाच महिन्यांचं. जानेवारीत चुन्याच्या रेघा पडतात, मे संपता संपता त्यांच्यावरून नांगर जातो. मग श्रावणात जिथे पेनल्टी घेत होते तिथे भात डोलतं आणि कोणाला सांगूनही पटायचं नाही की इथे माणसं गळा फाडून ओरडत होती. ह्या पाच महिन्यांचे वास मला डोळे मिटून सांगता येतात. आधी ओल्या पेंढ्याचा, मग सुकत चाललेल्या मातीचा, आणि मार्च लागला की वरच्या डोंगरावरून येणारा काजूच्या बोंडांचा. तो वास आला की मला एकच साल आठवतं. सात वर्षं झाली त्याला.

मी शाळेत कारकून होतो. जन्मदाखले, हजेरीपट, शाळा सोडल्याचे दाखले ह्यांत चाळिशी उलटली, पण गावात विचाराल तर मला कारकून म्हणून कोणी ओळखायचं नाही. मी माईककाका. माडाला बांधलेला कर्णा आणि त्याच्याखाली लाकडी खुर्चीवर, माझ्या कदेलीवर बसलेला मी. "आणि चेंडू आता डाव्या बाजूला, डाव्या बाजूला कोण आहे, अहो विचारता काय, आपला गौरेश!" हे मी इतक्या वेळा ओरडलोय की पुढे पुढे गल्लीतली पोरं माझी नक्कल करायची. गौरेश आमच्या घरापासून तिसऱ्या घरातला. त्याचा बाप डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि तो घरी येऊन बसला, तो बसलाच. आई सुनीता, शेतात राबणारी, बोलण्यात घाबरट. आणि हा पोरगा मात्र असा की डाव्या पायात चेंडू आला की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्या साली तो एकवीस वर्षांचा होता आणि दक्षिणेकडच्या एका मोठ्या क्लबाने त्याला घेतलं होतं. पगार घेऊन फुटबॉल खेळणारा आमच्या गावातला पहिला माणूस. जानेवारीत त्याची मॅच टीव्हीवर लागली तेव्हा देवळाच्या सभामंडपात पडदा लावला होता. त्याने गोल केला तेव्हा मी शेजारच्या म्हाताऱ्याला मिठी मारली. त्या म्हाताऱ्याशी माझं बांधावरून दहा वर्षं बोलणं नव्हतं. इतका आनंद झाला होता, काय सांगू.

म्हणून मार्चमध्ये, आमच्या स्पर्धेच्या फायनलच्या दिवशी, त्याचा सत्कार ठरला. आता सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि 'सत्काराला उत्तर'. हे उत्तर गावात मीच लिहून द्यायचो. निवृत्त झालेला पोस्टमन असो, दहावीत पहिली आलेली पोर असो, भजनात बक्षीस मिळवलेला बुवा असो, सगळ्यांना माझी चिठ्ठी. नावगाव बदलायचं, बाकी मजकूर तोच. गौरेशलाही मी तीच दिली. मला आजही पाठ आहे ती: "मी फार लहान माणूस आहे. माझ्यात विशेष असं काही नाही. जे झालं ती देवीची कृपा आणि तुम्हा गावकऱ्यांचे आशीर्वाद. ही शाल माझ्या खांद्याला जड होते. चुकलंमाकलं पदरात घ्या."

स्टेजमागे, केळीच्या खुंटांपाशी उभं राहून त्याने ती वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"काका, ह्यां माझां न्हय."

"कोणाचांच नसता रे. म्हणूचां असता."

"माका विशेष कायच येना नाय? मग शाल कित्याक देतत?"

"गौरेशा, शाणपणा नको. दोन शब्द बोल आणि खाली उतर."

त्याने चिठ्ठीची घडी घातली, ट्रॅकपँटच्या खिशात ठेवली आणि माईकपुढे गेला. सगळा मळा भरला होता. माणसं बांधांवर, बायका आंब्याखाली. तो म्हणाला, "नमस्कार. मी पाच वर्षांचा असल्यापासून ह्याच शेतात खेळतो. रोज पहाटे दव असताना धावलो. तेव्हा तुमच्यातले बरेच जण झोपलेले असायचे. मी चांगला खेळतो. अजून चांगला खेळेन. शाल छान आहे, आईला देईन."

बस. एवढंच. उतरला.

दोन-चार तरुण पोरं हसली, कोणीतरी शिटी मारली. मग असा काही सन्नाटा पसरला की कर्ण्याची घरघर ऐकू यायला लागली. पहिल्या रांगेतले देवस्थानचे गावकार शेजाऱ्याला म्हणाले, "मस्ती आयल्या." आणि मी काय केलं? मी माईक ओढून घेतला आणि माझ्या त्या गोड, तालावरच्या आवाजात म्हटलं, "आमचे खेळाडू पायाने तर मोठे झालेच आहेत, आता डोक्यानेही मोठे होवोत, हीच देवीचरणी प्रार्थना!" अख्खा मळा हसला. गौरेशही आधी हसला, त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही.

लोक म्हणाले, गावाचा अपमान झाला. मीही महिनाभर तेच म्हणत फिरलो, तिठ्यावर, पानाच्या गादीवर, पाव विकणाऱ्या पोईवाल्याच्या सायकलपाशी. आता ह्या वयात कशाला खोटं बोलू? गावाचा कसला अपमान! अपमान माझा झाला होता. इतकी वर्षं माझी चिठ्ठी कोणी खिशात टाकली नव्हती.

आणि पोराने काय खोटं सांगितलं होतं? एक शब्द तरी खोटा होता का? त्याला धावताना मी स्वतः पाहिलेलं. पहाटे खिडकीचं जनेल उघडलं की समोरच्या बांधावरून तो जायचा, गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेला. मी जनेल लावून पुन्हा अंथरुणात शिरायचो. म्हणजे झोपलेल्यांत मी होतो हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मला सांगा, आपण खेळाडूकडे नम्रता मागतो म्हणजे नेमकं काय मागतो? ह्याच मळ्यात आम्ही त्याला ओरडून सांगायचो, "घुस! फाड त्याका! सोडू नको!" गोल करेपर्यंत त्याने वाघ असावं, आणि गोल झाला रे झाला की हात जोडून गाय. आमच्या गल्लीत एका परदेशी खेळाडूचे फोटो घराघरांत. तो गोल करून शर्ट काढतो, छाती बडवतो, सगळ्या जगाला सांगतो की मीच सगळ्यांत मोठा. आमची पोरं त्याच्यासारखे केस कापतात आणि आम्ही कौतुकाने म्हणतो, "काय ऐट आसा बघ!" त्याला चालतं. का? कारण तो आमचा कोणी लागत नाही. तो वर गेला म्हणून आम्ही खाली राहिलो असं होत नाही. तिसऱ्या घरातला गौरेश वर गेला की मात्र होतं. मग आपण त्याला शाल देतो आणि खांद्यावर हात ठेवून हळूच खाली दाबतो. हे मला आज कळतंय. आज कळून काय उपयोग, तेही मला कळतंय.

आणि नम्रता नव्हती का त्याच्यात? त्याच स्पर्धेत, सत्काराच्या आठवडाभर आधी, सर्वणच्या संघाशी सेमीफायनल होती. सर्वणचा गोलकीपर चाळिशीचा, पोट सुटलेला, शेतकरी माणूस. गौरेशने त्याच्या पायांतून चेंडू आत घातला आणि बिचारा वळायला गेला तर पोटरीत गोळा आला. आमची माणसं नाचत होती. गौरेश नाचायचा थांबला, धुळीत बसला आणि त्या माणसाचा पाय मांडीवर घेऊन पंजा दाबत राहिला. बूट सोडला, मोजा उतरवला, पाणी ओतलं. उठवताना म्हणाला, "मामा, पयली दोन बरी अडयलात." मी दहा हातांवर होतो, मी ऐकलं. माईक हातात होता. त्याबद्दल मी कर्ण्यावर अवाक्षर काढलं नाही, गोलाचंच तुणतुणं वाजवत राहिलो. हात जोडलेले दिसले असते तर नक्की बोललो असतो.

सत्कारानंतर क्लबाच्या तीन मॅच झाल्या. तिन्हींत त्याचा गोल नाही. फुटबॉलमध्ये तीन मॅच म्हणजे काही नव्हे, पण गावात मॅच मोजायला बसलेली माणसं पुष्कळ. "देवीन दाखयलां," म्हणायला लागले. तोंडावर नाही म्हणायचे, सुनीतेला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर म्हणायचे. एका दुपारी ती आमच्या पायरीवर येऊन बसली. काजूच्या बोंडांचा ताजा रस, निरो आणला होता तांब्यात, थंडगार. मी पिऊन तोंड पुसेपर्यंत ती पदराशी चाळा करत होती.

"भाऊजी, तुमी सांगा काय करू तां. लोक बोलतत. माका भिरांत दिसता. झिलाचां कायतरी बरांवायट झालां तर?"

"काय होत नाय गे. देवळात एक गाऱ्हाणां घालूया. देवी मायाळू आसा."

तिच्या जिवाला किती बरं वाटलं ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. मलाही बरं वाटलं. निरो गोड होता.

गौरेश तयार नव्हता. "मी देवीक वायट कायच बोलाक नाय," एवढंच म्हणत होता. दोन दिवस आई जेवली नाही, तेव्हा आला. देवळात वीस-पंचवीस माणसं जमली होती, एवढी यायची गरज नव्हती. गावकारांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. मध्येच अडले, तेव्हा शब्द मी पुरवले. "बा देवी, माय माऊली, तुझ्या ह्या लेकरान मोठेपणान तोंड सोडलां असात, तर ती चूक पायाखाली घे..." "व्हय म्हाराजा!" "तेच्या डोक्यात हवा गेली असात, ती उतरव..." "व्हय म्हाराजा!" किती जोरात म्हणत होते सगळे! पाऊस पडू दे म्हणून घातलेल्या गाऱ्हाण्यालाही एवढा आवाज लागलेला मी ऐकलेला नाही. गौरेश मान खाली घालून, हात जोडून मध्ये उभा. नारळ फुटला, खोबरं पांढरं शुभ्र निघालं, सगळे खूश. त्याने सगळ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली, माझ्याही पडला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

हवा उतरली. अगदी मागितली तशी उतरली.

एप्रिलमध्ये गावाच्या संघातून एक साधी मॅच खेळायला तो आला होता. चेंडू घेऊन आत घुसला, गोलकीपर पुढे आलेला, डावीकडे अख्खा गोल मोकळा. आंधळ्यानेही मारला असता. गौरेश थांबला, आजूबाजूला बघितलं आणि चेंडू मागच्या पोराला दिला. त्या पोराने तो बांधापलीकडे उडवला. आणि मी कर्ण्यावरून ओरडलो, "वा! काय हा त्याग! ह्याला म्हणतात नम्रता!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुटबॉलच्या मैदानात, चुकवलेल्या गोलाला टाळ्या.

त्याच महिन्यात त्या क्लबाने आपला संघच बंद केला. आता दुसरा क्लब मिळाला तर खेळ, नाही तर घर. मे महिन्यात मडगावला एक चाचणी होती. बापाला शिकल्यासवरल्या माणसांपुढे बोलायला सुचत नाही, म्हणून सोबत मी गेलो. पहाटेची बस, मांडीवर बूट घेऊन तो खिडकीशी बसलेला. मी त्याला सांगत होतो, "साहेबांशी नीट बोल. मोठेपणा करू नको." तो "व्हय" म्हणाला.

खेळला बरा. त्या जागेसाठी शेवटी चार जण उरले. प्रशिक्षक बाहेरचा होता, उन्हाने रापलेला, कडक. एकेकाला बोलावून एकच प्रश्न विचारत होता हिंदीत: चारही जण खेळता येणारे आहेत, मग तुलाच का घेऊ? पहिला म्हणाला, माझ्यासारखा वेग कोणाकडे नाही. दुसऱ्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण छातीवर हात ठेवून सांगितलं. गौरेशची पाळी आली. मी कुंपणाच्या जाळीला चिकटून उभा होतो. त्याने हात जोडले. म्हणाला, "सर, बाकीचे पण चांगले आहेत. तुमची इच्छा असेल तसं." प्रशिक्षकाने थोडा वेळ वाट पाहिली. त्याला वाटलं असेल, पोरगा अजून काही बोलेल. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि चौथ्याला बोलावलं.

दोन महिन्यांपूर्वीचा गौरेश काय बोलला असता ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. "मी चांगला खेळतो. अजून चांगला खेळेन." एवढंच हवं होतं त्या माणसाला. पेनल्टीच्या ठिपक्यापाशी उभं राहून 'देवीची इच्छा' म्हणून चेंडू आत जात नसतो. तिथे 'मी' लागतो. नुसता, उघडा 'मी'. तोच आम्ही वीस-पंचवीस जणांनी नारळ फोडून त्याच्यातून काढून घेतला होता.

हे मला तेव्हा कळलं असं समजू नका. परतताना म्हापशाला उतरून आम्ही पातळभाजी आणि पाव खाल्ला. तो पाव मोडत होता. मी म्हटलं, "शाबास रे. असांच बोलूचां. माणसान फळां लागलेल्या झाडासारखां वाकूचां." त्याने पाव बुडवता बुडवता वर पाहिलं आणि विचारलं, "बरां बोल्लंय मां, काका?" मी म्हटलं, "एकदम बरां." यादीत त्याचं नाव आलं नाही. जूनच्या आधीच मळ्यात नांगर फिरला.

आता तो मांद्र्याला समुद्रकाठच्या एका गेस्टहाऊसमध्ये कामाला आहे. पाहुण्यांच्या बॅगा उचलतो, खोल्या दाखवतो, गाडी मागे घेताना हात करतो. सगळे म्हणतात, काय नम्र पोर! मालक तर त्याचं उदाहरण देतो. दोन वर्षांमागे भाच्याच्या कामासाठी मी त्या बाजूला गेलो होतो. संध्याकाळी वाळूवर पाहुणे फुटबॉल खेळत होते. मोठी मोठी माणसं, पायांत चेंडू अडकून पडणारी. गौरेशला त्यांनी गोलमध्ये उभं केलं होतं, दोन चपलांच्या मधे. हळूहळू येणारे चेंडू तो सोडत होता. उजवीकडे आला की डावीकडे पडायचा आणि वर टाळ्या वाजवायचा. मी तिथे थांबलो नाही. माडांआडून तसाच परत फिरलो.

गेल्या वर्षी मंडळाच्या मनात आलं की गावच्या पहिल्या व्यावसायिक खेळाडूचा पुन्हा सत्कार करावा. मला विचारलं तेव्हा मी एका पायावर तयार झालो. माझं मनाशी ठरलं होतं. त्याच मळ्यात, त्याच कर्ण्यावरून सांगायचं, की बाबांनो, त्या दिवशी हा पोरगा खरं बोलला आणि मी त्याचं हसं केलं. चुकलो मी. गौरेशा, तू चांगला खेळायचास, आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला. तीन दिवस घोकत होतो. चिठ्ठी मात्र मुद्दाम लिहिली नाही, त्याच्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही. पहिल्यांदा तो बोलेल, मग मी, असा बेत.

फायनलच्या आधी त्याला शाल घातली. डोक्यावरचे केस पातळ झालेत त्याचे. माईकपुढे आला, हात जोडले. खिशातून एक कागद काढला, घड्यांवर पिवळा पडलेला. पण उघडला नाही, नुसता मुठीत धरला. म्हणाला, "मी फार लहान माणूस आहे. माझ्यात विशेष असं काही नाही. जे झालं ती देवीची कृपा आणि तुम्हा गावकऱ्यांचे आशीर्वाद. ही शाल माझ्या खांद्याला जड होते. चुकलंमाकलं पदरात घ्या."

काय टाळ्या पडल्या! बांधावरची माणसं उभी राहिली. सुनीता आंब्याखाली डोळे पुसत होती. त्याने माईक माझ्या हातात दिला, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि उठताना हळूच विचारलं,

"एकय शब्द चुकलो नाय मां, काका?"

तीन दिवस घोकलेलं सगळं माझ्या तोंडात होतं. माईक चालू होता.

"नाय रे," मी म्हटलं.

कर्ण्यातून अख्ख्या मळ्याला तेवढंच ऐकू गेलं आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.